आठवीत शाळा सुटली, तर इंग्रजीचं हातात काय उरतं?

माझी बाजी तुमसरला राहते. महिन्यातून तीन-चार वेळा तिच्याकडून व्हॉट्सॲपवर एखादा फोटो येतो. कधी औषधाच्या पट्टीचा, कधी बँकेतून आलेल्या कागदाचा, कधी सासऱ्यांच्या डिस्चार्ज कार्डाचा. खाली एकच ओळ असते, "देख तो, क्या लिखा है." मी पुण्यात ऑफिसच्या खुर्चीत बसून वाचतो आणि आवाजात निरोप पाठवतो की ही गोळी जेवणानंतर घ्यायची, या कागदावर सही करू नकोस, आधी बँकेत विचार.

बाजी अडाणी नाही. मराठी पेपर ती रोज वाचते, धानाच्या विक्रीचा हिशेब घरात तीच ठेवते, आणि शाळेत ती माझ्यापेक्षा हुशार होती हे अम्मी आजही सगळ्यांसमोर सांगते. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. ती आठवीपर्यंत शिकली. पुढचं हायस्कूल लांब होतं, बाकीची कारणं तुमच्याही घरात तुम्ही ऐकली असतील. म्हणजे तिला चार वर्षं इंग्रजी मिळालं, जवळजवळ रोज एक तास. ती एकदाही नापास झाली नाही. आणि तरी औषधाच्या पट्टीवरच्या दोन ओळी तिला वाचता येत नाहीत.

शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न ढाक्यात एका इंग्रज शिक्षकाला पडला होता. मायकेल वेस्ट तिथे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयात काम करत. त्यांनी पाहिलं की बंगालमधली बहुतेक मुलं इंग्रजीचा अभ्यासक्रम पूर्ण होण्याआधीच शाळा सोडतात, पण अभ्यासक्रम मात्र शेवटपर्यंत पोचणाऱ्या थोड्यांसाठी आखलेला असतो. 1926 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी यासाठी विम्यातला शब्द वापरला: सरेंडर व्हॅल्यू. ज्यांच्या घरात एलआयसीची पॉलिसी आहे त्यांना तो समजावून सांगायला नको. पॉलिसी मधेच मोडली तर हातात किती पडतं, ती ही रक्कम. वेस्ट यांचं म्हणणं होतं की शाळेच्या इंग्रजीलाही ही कसोटी लावा. मूल सहावीत सुटलं तर त्याच्या हातात काय पडेल? आठवीत सुटलं तर? त्यांचं उत्तर होतं, आधी वाचता येऊ द्या. वाचता येणारं मूल शाळा सुटल्यावरही स्वतः पुढे जाऊ शकतं. नुसते व्याकरणाचे नियम पाठ केलेलं मूल शाळेबरोबर तेही सोडून येतं. मग त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली, पायरीपायरीने चढत जाणारी वाचनपुस्तकं तयार केली.

बाजीच्या चार वर्षांची सरेंडर व्हॅल्यू शून्य होती. ती का, हे मला ठाऊक आहे, कारण तीन वर्षांनी मी त्याच वर्गात बसलो होतो.

तास असा चालायचा. सर पुस्तकातलं एक वाक्य वाचायचे आणि लगेच त्याचं मराठी सांगायचे. पुढचं वाक्य, पुढचं मराठी. आम्ही पेन्सिलीने कठीण शब्दांच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहायचो. धडा संपला की प्रश्नांची उत्तरं फळ्यावर यायची आणि बेचाळीस वह्यांत एकसारखी उतरायची. पत्रलेखन, निबंध गाईडमधून. आमच्या वर्गातल्या प्रत्येकाने मित्राला बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं होतं, ज्यांना बहीण नव्हती त्यांनीसुद्धा. सर वाईट नव्हते, मेहनती होते. पण पूर्ण वर्षात मी वर्गात मोठ्याने इंग्रजी किती वेळा वाचलं असेल? फार तर सात-आठ वेळा. स्वतःच्या मनातलं एक वाक्य इंग्रजीत किती वेळा लिहिलं? एकदाही नाही.

गंमत अशी की त्याच दिवसांत, शाळेच्या आधी, सकाळी सहा वाजता मी ज्या जागी जात होतो तिथे याच्या अगदी उलट चालायचं. मक्तबमध्ये तीस मुलं आणि तिसांचे सबक वेगवेगळे. कुणी कायद्याच्या दुसऱ्या पानावर, कुणी पाराए अम्मवर, कुणी दहाव्या पाऱ्यात. हाफिजजी एकेकाला समोर बसवायचे. तुम्ही स्वतः, तुमच्या तोंडाने, तुमची ओळ वाचायची. अडखळलात तर तीच ओळ उद्या पुन्हा. जमलं तर पुढची ओळ मिळे, ओळ म्हणजे ओळच, पान नाही. आणि मागचं विसरू नये म्हणून रोज थोडा आमोख्ता. शेजाऱ्याचं बघून उतरवायची सोयच नव्हती. आमच्यातली जी मुलं पुढे शाळेत "ढ" ठरली, तीसुद्धा दोन-तीन वर्षांत एक परकी लिपी घडाघडा वाचायला लागली होती. रोज थोडं, प्रत्येकाने स्वतः, आणि कुणीतरी ऐकणारं. एवढंच तर होतं.

आता यावर तुमचा आक्षेप येईल, आणि तो बरोबर आहे. आम्ही वाचत होतो पण अर्थ कळत नव्हता. लिहायचं तर जवळजवळ नव्हतंच, आणि छडीचं काय ते वेगळंच. मक्तबची पद्धत जशीच्या तशी इंग्रजीच्या तासाला आणा असं मी म्हणत नाही. इंग्रजी अर्थाशिवाय वाचून काही मिळत नाही. पण शाळेने आम्हाला वाचनाशिवाय अर्थ दिला आणि मक्तबने अर्थाशिवाय वाचन, हे दोन्ही एकाच मुलाच्या एकाच सकाळी घडत होतं आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

इंजिनिअरिंगपर्यंत हे खपून गेलं. तिथेही उत्तरं पाठ करून लिहिता येतात. पहिल्या नोकरीत ते उघडं पडलं. प्रोग्राममध्ये चूक सापडली की ती लिहून कळवावी लागते: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. तीन वाक्यं. मी अर्धा तास बसलो आणि जे लिहिलं ते परत आलं, "नक्की काय झालं ते कळत नाही" असा शेरा घेऊन. चूक मला सापडली होती, दुसऱ्या कुणाला सापडली नव्हती. पण ती सांगणारी तीन वाक्यं माझ्याकडे नव्हती. चोविसाव्या वर्षी मी रोज रात्री पाच ओळी इंग्रजीत लिहायला लागलो. दिवसभरात जे झालं ते. हे बाराव्या वर्षी सुरू करायला काय हरकत होती, हा विचार तेव्हापासून डोक्यात आहे.

2020 मध्ये ऑफिस घरून सुरू झालं आणि मी भंडाऱ्याला परतलो. शाळा बंद होत्या. बाजीची मुलगी सातवीत गेली होती, ती नानीकडे आली. जुलैपासून मी तिच्याबरोबर रोज वीस मिनिटं ठरवली: दहा मिनिटं तिने मोठ्याने वाचायचं, दहा मिनिटांत पाच ओळी लिहायच्या. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. मी चौथीचं इंग्रजी उतरवून घेतलं. ती रुसली, "चौथीचं? मैत्रिणी हसतील." पण सातवीच्या पुस्तकात प्रत्येक ओळीत तिला चार शब्द अडत होते, चौथीच्यात एखादा. वाचन तिथूनच सुरू होतं जिथे बहुतेक शब्द ओळखीचे असतात. नंतर आम्ही स्टोरीवीव्हरवर गेलो. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या या साइटवर गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या असतात, आणि इंग्रजीबरोबर मराठी-उर्दूतल्या गोष्टीही मिळतात.

पहिल्या दिवशी तिने लिहिलं, "टुडे आय ॲम वेकअप. आय ॲम ईट पोहा." मी काही दुरुस्त केलं नाही. पाचही ओळी तिच्या होत्या, हे मला पुरेसं होतं. दीड महिना पोहे, मांजर आणि ऑनलाइन वर्गाची कुरकुर चालली. मग ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला पूर आला. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं होतं आणि भंडाऱ्यात रातोरात वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, आमच्या गल्लीतही. चार दिवसांनी तिने वही उघडली आणि पाचऐवजी अकरा ओळी लिहिल्या. "वॉटर केम इन नाइट. नानी टेक कुरान अँड ऑल पेपर अँड गो अप." नानीने आधी काय उचललं, शेजारच्यांची शेळी कशी छतावर नेली, सगळं होतं. चुका भरपूर होत्या. मी फक्त भूतकाळाची क्रियापदं सुधारली आणि बाकी तसंच ठेवलं. निबंधाच्या गाईडमध्ये "पूर" नावाचा निबंध असतोच, तो तिने वाचलाही असेल. पण हा तिचा होता.

आता ती बारावीत आहे. बाजीचे फोटो हल्ली कमी झालेत. पट्टीवरचं घरातच वाचलं जातं.

एका मुलीवरून नियम काढू नये हे खरं. म्हणून फिजीचं उदाहरण देतो. तिथे 1980 च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या दोघांनी ग्रामीण प्राथमिक शाळांत इंग्रजी गोष्टींची पुस्तकं पाठवली, प्रत्येक वर्गाला सुमारे 250, आणि रोज वीस-तीस मिनिटं वाचनाला दिली. मुलांची घरची भाषा इंग्रजी नव्हती, त्यांच्यात आपल्याकडून गेलेल्या मजुरांचे वंशजही होते. नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या वर्गांपेक्षा ही मुलं वाचनात साधारण दुप्पट वेगाने पुढे गेली, आणि दुसऱ्या वर्षी लेखनातही फरक दिसला.

वर्गात हे कसं जमेल, याचं गणित मी करून पाहिलं आहे (इंजिनिअरची खोड). चाळीस मुलं, चाळीस मिनिटं. एकेकाला उभं करून वाचायला लावलं तर एका तासात सहा-सात जणांची पाळी येते. दोघादोघांच्या जोड्या लावल्या तर एका वेळी वीस मुलं वाचतात आणि वीस ऐकतात. पाच मिनिटं एकाने, पाच दुसऱ्याने. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला वर्षाचे 220 दिवस ठरवले आहेत. पाच गुणिले 220 म्हणजे अठरा तासांहून जास्त, प्रत्येक मुलाचं स्वतःचं वाचन. माझ्या सात-आठ वेळांशी तुलना करा. रोज पाच ओळी लिहिल्या तर तीन वर्षांत 3,300 ओळी. शिक्षकाने रोज आठच वह्या तपासायच्या, आठवड्यात सगळ्या होतात. आणि प्रत्येक चूक लाल करायची नाही, एका वेळी एकाच प्रकारची.

गोंगाट होईल. पोर्शन मागे पडेल अशी भीती वाटेल. आणि शिक्षकावर मतदार यादी, सर्वेक्षण, पोषण आहाराचा हिशेब हे सगळं असतं, त्यात कुणीतरी पुण्यातून येऊन सल्ला देतो, याचा राग येणं साहजिक आहे. काही शिक्षकांचं स्वतःचं इंग्रजी कच्चं असतं, तेही खरं. पण जोडीने वाचायला आणि पाच ओळी लिहायला शिक्षक इंग्रजीचा पंडित असावा लागत नाही. वाक्यवार भाषांतर करून सांगायला जास्त इंग्रजी लागतं.

मला शिक्षकांपेक्षा आपल्याशीच भांडायचं आहे. आपल्या घरांत इंग्रजीची चर्चा नेहमी माध्यमापाशी अडते. उर्दू की मराठी, सेमी की कॉन्व्हेंट. त्यावर लग्नाच्या मांडवात तासन्‌तास वाद होतात, फीसाठी कर्ज निघतं. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्याने पहिलीपासून इंग्रजी आणलं. म्हणजे बाजीला आठवीपर्यंत चार वर्षं मिळाली, तिच्या मुलीला आठ. वर्षं दुप्पट झाली, आणि तरी सातवीत ती चौथीचं पुस्तक अडखळत वाचत होती. शाळेचं नाव कुठल्या भाषेतल्या पाटीवर लिहिलंय ते आपण विचारतो. आज तुझं मूल किती मिनिटं वाचलं, हे विचारत नाही. उर्दू शाळेतल्या मुलाला तर तीन लिप्या सांभाळायच्या असतात, त्यातली एक उजवीकडून डावीकडे. त्याला रोजच्या सरावाची गरज जास्त, आणि आपण त्याला दहावीच्या सुट्टीत स्पोकन इंग्लिशच्या क्लासला घालतो.

तुमच्यापैकी अनेकांचे भाचे-पुतणे आज पाचवी ते आठवीत असतील. जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि एकूण निम्म्या बायका, असं कायदाच सांगतो. आपले किती लोक त्या बैठकीला जातात? पुढच्या बैठकीला भाभीला किंवा बाजीला जायला सांगा, जमलं तर बरोबर जा. भाषण करायची गरज नाही. मुलाची इंग्रजीची वही मागा, मग त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाची. दोन्ही एकाच पानावर उघडून टेबलावर ठेवा. दोन्हीत अक्षर न्‌ अक्षर सारखंच असेल, तर सरांना विचारा की यातलं या मुलाचं स्वतःचं वाक्य कोणतं.