बोलीचे नाव कुणी ठेवायचे?

भाषेसाठी लाठ्या खाल्लेल्या महाराष्ट्राने जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन हे नाव विसरून चालणार नाही. १८५१ साली आयर्लंडात डब्लिनजवळ जन्मलेला हा माणूस १८७३ मध्ये गोऱ्या सरकारचा सनदी नोकर होऊन बंगाल इलाख्यात आला. नोकरी साहेबाची, पण कान मात्र कुळवाड्याच्या बोलण्याकडे! बिहारच्या खेड्यातली नांगरापासून भांड्याकुंड्यांपर्यंतची नावे टिपून त्याने १८८५ साली जाडजूड ग्रंथच काढला.

१८९८ मध्ये हिंदुस्थानच्या भाषा-पाहणीची सूत्रे त्याच्या हाती आली. उधळ्या मुलाची एकच गोष्ट बोलीबोलीत उतरवून मागवायची, जोडीला नेमलेल्या शब्दांची यादी भरून घ्यायची, ही त्याची रीत. १९०३ ते १९२८ या काळात अकरा खंड छापले गेले. भरल्या १७९ भाषा आणि ५४४ बोली! १९४१ साली तो वारला, पण त्याचे खंड अजून उघडावे लागतात.

या कामात त्याला एक गंमत आढळली. कित्येकांना आपल्या बोलीचे नावच सांगता येईना! शेजारी म्हणतील ते नाव, नाहीतर कारकून लिहील ते. वाचकहो, आमचे म्हणणे इथेच आहे. पंडिताने वर्गवारी जरूर करावी, पण बोलीचा मालक ती बोलणारा. ग्रिअर्सनने कोकणी मराठीच्या खंडात घातली आणि खानदेशी भिल्ल बोलींच्या पंगतीला बसवली. कोकणीने १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्वतःची जागा घेतली. कुणाला ते रुचो वा न रुचो, जो हक्क आम्ही स्वतःसाठी मागितला, तो दुसऱ्याला कोणत्या तोंडाने नाकारणार?

आणि आपल्याच सरकारचे काय? २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषांची १९,५६९ नावे सांगितली. छाननीअंती उरली १,३६९ आणि छापील यादीत भाषा आल्या अवघ्या १२१! दहा हजारांहून कमी लोकांची भाषा १९७१ पासून त्या यादीत स्वतंत्र येतच नाही. परक्या अंमलदाराने मूठभरांच्या बोलीचाही नमुना छापला. स्वराज्यात तिची रवानगी 'इतर'मध्ये! याला काय म्हणावे?

म्हणून सांगतो, गणकबाई दारात आल्या की घरात जे बोलता तेच सांगा. अहिराणी बोलत असाल तर अहिराणी, हलबी बोलत असाल तर हलबी. लाजू नका, आणि काय लिहिले ते वाचून घेतल्याशिवाय त्यांना उंबऱ्यावरून हलू देऊ नका!