लाल मातीला पट्टा कधी मिळणार?

मी मूळचा शिरोळ तालुक्यातला. कुवेतला येऊन सतरा वर्षं झाली. मंगफला राहतो आणि अहमदीजवळच्या एका ठेकेदार कंपनीत स्टोअर सांभाळतो. लहानपणी गावच्या तालमीत चार-पाच वर्षं अंगाला माती लावली. बारावी झाल्यावर वडिलांनी लंगोट काढायला लावला आणि आयटीआयला घातलं. तेव्हा फार राग आला होता. आज तो राग कुणावर काढावा, हेच कळत नाही.

माझा अकरा वर्षांचा मुलगा सालमियातल्या एका क्लासमध्ये जिऊ-जित्सू शिकतो. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे पिंजऱ्यातली ती झुंज टीव्हीवर बघून त्याच्या डोक्यात हे शिरलं. क्लासचे सर ब्राझीलचे. एकेकाळी ते स्वतः व्यावसायिक लढती लढायचे. आता चाळिशी ओलांडली आहे, एक गुडघा गेलेला आहे, पण कमरेला काळा पट्टा आहे. त्या पट्ट्याच्या जोरावर त्यांनी बायको-मुलांसकट कुवेतमध्ये घर मांडलंय. फी ऐकली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. तरी वर्गात जागा नसते. कुवेती, लेबनीज, फिलिपिनो, आपले केरळी, सगळे असतात. बँकेत काम करणाऱ्या दोन बायकाही येतात.

गेल्या महिन्यात माझी गाडी गॅरेजला होती, म्हणून आमच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, माझा दोस्त, आम्हाला सोडायला आला. हा गडी सांगली जिल्ह्यातला. वय पंचेचाळीस. दोन्ही कान मोडून पार भज्यासारखे झालेले. आपल्याकडे असा कान बघितला की वेगळं ओळखपत्र लागत नाही. यानं पंधरा वर्षं जत्रेची मैदानं मारलेली. हलगी, शड्डू, फेटे, सगळं अनुभवलेलं. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात करून शेवटच्या दोन नंबरांच्या जोडीपर्यंत पोचलेला. मग खांदा निखळला, खुराकाचा खर्च झेपेना, आणि एका ओळखीच्या माणसाच्या मदतीनं ड्रायव्हरचा व्हिसा मिळाला.

तो भिंतीला टेकून बघत होता. सरांनी एका मुलाच्या पाठीवर बसून, दोन्ही पायांची आकडी घालून, मानेला हात लावून दाखवला. माझा दोस्त एकदम म्हणाला, "आरं, ही तर सवारी! हात तेवढा मानंत घातलाय." सरांनी त्याच्या कानांकडे बघितलं आणि हसून हातानं बोलावलं. बूट काढून तो मॅटवर गेला. पाच मिनिटं दोघांची झटापट झाली. उभ्यानं सरांना त्यानं तीनदा खाली घेतलं. तिसऱ्यांदा तर असा मोळी डाव बांधला की पोरं ओरडायला लागली. खाली गेल्यावर मात्र सरांनी पाठीवर पडूनच त्याचा हात अडकवला आणि त्याला थाप मारून सोडवून घ्यावं लागलं. साहजिक आहे. आपल्या कुस्तीत पाठ लागली की खेळ संपतो, त्यांचा तिथून पुढे सुरू होतो.

उठल्यावर सरांनी मोठ्या आदरानं विचारलं, "तुमचा पट्टा कुठला? शिकवता कुठे?"

माझ्या दोस्तानं माझ्याकडे बघितलं. मी काय भाषांतर करणार? म्हटलं, "ते बस चालवतात." सरांना वाटलं मी थट्टा करतोय.

घरी येताना फहाहीलच्या रस्त्यावर आम्ही दोघं गप्प होतो. आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. दोघंही मल्ल. दोघंही गरीब घरातले. दोघांचीही शरीरं झिजलेली. मग एकाला परदेशात त्याच्या विद्येवर भाकरी मिळते आणि दुसऱ्याला ती विद्या गावच्या वेशीवर ठेवून यावी लागते, असं का?

"ब्राझीलवाले श्रीमंत, त्यांच्यामागे पैसा" असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. अँडरसन सिल्वाचंच बघा. जन्म १९७५ चा, साओ पावलोचा. आई-वडिलांना सांभाळणं जमेना म्हणून कुरितिबाला मावशी-काकांकडे वाढला. मॅकडोनाल्डमध्ये काम केलं, कारकुनी केली. तोच पुढे २००६ च्या ऑक्टोबरमध्ये यूएफसीचा मिडलवेट विजेता झाला आणि २४५७ दिवस ते पद त्यानं सोडलं नाही. ओळीनं सोळा लढती जिंकल्या. अर्थात शेवट गोड नव्हता. जुलै २०१३ मध्ये ख्रिस वाइडमननं त्याला आडवा केला आणि डिसेंबरच्या परतीच्या लढतीत लाथ मारताना त्याचा स्वतःचाच पाय नडगीतून मोडला. नंतर उत्तेजक चाचणीतही नाव अडकलं. म्हणजे तो धंदाही माणसाला सोडत नाही. त्या पिंजऱ्याची भलामण करायला मी हे लिहीत नाही.

मला सांगायचंय ते पिंजऱ्याच्या मागचं. सिल्वासारखा एक वर जातो, तेव्हा खाली हजारो असतात. त्या हजारोंचं काय होतं? ब्राझीलमध्ये त्यांच्यासाठी एक शिडी तयार आहे. मित्सुयो माएदा नावाचा जपानी जुदोवाला १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून ग्रेसी घराण्यातल्या कार्लोसनं विद्या घेतली, भावांना दिली, आणि १९२५ मध्ये रिओत शाळा काढली. फी घेऊन शिकवणारी शाळा. वकील, डॉक्टर, कारकून सगळ्यांना शिकवणारी. पुढे पट्ट्यांच्या पायऱ्या पक्क्या झाल्या: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. काळ्यापर्यंत पोचायला बहुतेकांना दहाएक वर्षं लागतात.

१९५१ मध्ये माराकाना स्टेडियमवर मासाहिको किमुरा या जपान्यानं एलिओ ग्रेसीचा हात मोडून त्याला हरवलं. या लोकांनी काय करावं? ज्या डावानं हात मोडला त्याला हरवणाऱ्याचंच नाव दिलं आणि तो अभ्यासक्रमात घातला. आजही माझा मुलगा घरी येऊन "आज किमुरा शिकवला" असं सांगतो. १९९३ च्या नोव्हेंबरात डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, तेव्हा एलिओचा मुलगा रॉयस यानं, अंगानं किरकोळ असूनही, एका रात्रीत तिघांना हरवलं आणि जगाला हे शास्त्र कळलं. आपल्या आखातातही ते त्याच वाटेनं आलं. अबू धाबीचे शेख तहनून अमेरिकेत शिकायला असताना हे शिकले. १९९८ पासून अबू धाबीत पकडीच्या कुस्तीची जागतिक स्पर्धा सुरू झाली आणि पुढे अमिरातीच्या शाळांमध्ये जिऊ-जित्सू विषय म्हणून आलं. शिकवायला कोण? विमानं भरभरून ब्राझीलचे काळे पट्टे आले. त्यांतले बरेचसे कधी नाव न ऐकलेले, मोठ्या लढती न जिंकलेले. पण कागद हातात होता.

आता आपल्याकडे बघू. आपण मागासलेले होतो का? मुळीच नाही. शाहू महाराजांनी युरोपात रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं. १९१२ मध्ये तिथं कुस्त्या सुरू झाल्या, म्हणजे रिओतली ग्रेसींची शाळा निघायच्या तेरा वर्षं आधी! कुस्ती चारी बाजूंनी सगळ्यांना दिसावी अशी त्याची बांधणी आहे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी होत्या. देशभरातून मल्ल कोल्हापुरात येऊन राहायचे.

पण राजाश्रय गेला आणि त्याच्या जागी दुसरी व्यवस्था आपण उभी केली नाही. खाशाबा जाधवांचीच गोष्ट घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा १९४८ ला लंडनमध्ये सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी निघाली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथून खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. पुढे १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर, २००० सालचा. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. चांगली गोष्ट आहे. पण त्यांनी आयुष्यभर जे कमावलं, ते शिकवून त्यांना सन्मानानं जगता यावं अशी सोय आपल्या मुलखात नव्हती. वर्दी चढवावी लागली.

आणि अजूनही तेच चालू आहे. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकणारा बीडचा राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाला, तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला विजय चौधरीही पोलीस उपअधीक्षक झाला. त्यांचं कौतुकच आहे. पण महाराष्ट्र केसरी वर्षाला एक. त्या एका गदेमागे तालमीत घाम गाळणारी बाकीची पोरं तिशीनंतर काय करतात? सुरक्षारक्षक, नेत्याच्या गाडीतला माणूस, जिमचा ट्रेनर, नाहीतर आमच्यासारखं आखात.

काहीजण त्या पिंजऱ्याकडेही वळतायत. कुस्तीतून आलेला आपला भरत खंदारे २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला. भारतातून तिथवर पोचलेला तो पहिलाच. चीनच्या साँग यादोंगनं पहिल्याच फेरीत मान काखेत धरून त्याला हरवलं. हरला म्हणून नावं ठेवणं सोपं आहे. तिथवर जाणारा रस्ताच नव्हता, तो यानं स्वतः पाडला, हे आपण बघत नाही.

कुणी म्हणेल, पटियाळ्याच्या एनआयएसचा प्रशिक्षकाचा डिप्लोमा आहे की. आहे, आणि चांगला आहे. पण तिथं शिक्षणाची अट आहे, मोठ्या स्पर्धांतली कामगिरी लागते, आणि सगळा भर मॅटवरच्या ऑलिंपिक कुस्तीवर. सातवी शिकलेला, जत्रेची मैदानं मारलेला, दोनशे डाव हाताच्या बोटांवर असलेला वस्ताद तिथं कसा पोचणार? मानधन आहे, तेही गदा मिळवलेल्यांना.

माझं म्हणणं साधं आहे. मातीतल्या कुस्तीच्या पायऱ्या ठरवा. पहिल्या पायरीला इतके डाव, दुसरीला इतके, त्यांची तोड इतकी. वस्तादांची परीक्षा वस्तादांनीच घ्यावी आणि त्यांना सरकारमान्य दाखला मिळावा. दुसरं, तालमीची दारं सामान्यांना उघडा. सकाळी पैलवानांचा सराव झाल्यावर तासभर शाळेच्या पोरा-पोरींना, नोकरदारांना फी घेऊन शिकवा. आपल्याकडे "विद्या विकायची नसते" असं म्हणतात. मान्य. पण वस्तादाचं दूध, बदाम आणि पोरांची फी कुठून येणार, हे कुणीच सांगत नाही. ब्राझीलची विद्या टिकली ती एकट्या सिल्वामुळे नव्हे. दर महिन्याला मुकाट्यानं फी भरणाऱ्या बँकेतल्या बायकांमुळेही टिकली.

यात धोका नाही असं नाही. दाखला म्हटला की दुकान आलं, पैसे भरून पट्टे वाटणारेही आले. ब्राझीलवाल्यांकडेही ती तक्रार आहेच. पण त्यावर उपाय तिथल्या मॅटवर लगेच होतो. खोटा काळा पट्टा बांधून आलेला माणूस दोन मिनिटांत उघडा पडतो. आपली माती तर त्याहून प्रामाणिक. हौदात उतरलं की कागद कुणी विचारत नाही. मी कागद मागतोय तो हौदाबाहेरच्या जगासाठी, वकिलातीच्या खिडकीसाठी, व्हिसाच्या फॉर्मवर "व्यवसाय" लिहायच्या त्या रकान्यासाठी.

आम्ही परदेशातल्या मराठी माणसांनीही हात झटकू नयेत. कुवेतमध्ये भारतीय दहा लाखांच्या घरात आहेत. गणपती, दिवाळी, नाटकं आपण हौसेनं करतो. मंडळांनी आठवड्यातला एक शुक्रवार मुलांच्या कुस्तीला द्यायला काय हरकत आहे? लाल माती इथं आणता येणार नाही, मॅट भाड्यानं मिळते. आणि वस्ताद शोधायला लांब जावं लागणार नाही. कानांकडे बघितलं की सापडतील. कुणी बस चालवत असेल, कुणी गोदामाच्या दारावर उभा असेल.

हे लिहायला बसलो त्याला कारणही तसंच आहे. दोस्ताचा पुतण्या एकोणीस वर्षांचा आहे, कोल्हापूरच्या तालमीत आहे. दोन वाटा समोर आहेत म्हणतो: तालीम सोडून पोलीस भरतीच्या अकादमीत जायचं, किंवा मुंबईला जाऊन पिंजऱ्यात उतरायचं. काकाला फोन करून विचारतोय, काय करू? काकानं तो प्रश्न माझ्यापुढे ठेवला. तिसरी वाट, म्हणजे कुस्ती शिकायची आणि कुस्तीच शिकवून सन्मानानं जगायचं, ही त्या पोराच्या यादीतच नाही.

मी दोस्ताला म्हटलं, भरतीचा फॉर्म भरायला सांग, पण सकाळची तालीम सोडू नको म्हणावं. माझ्या वडिलांनी मला दिलेला सल्ला यापेक्षा फार वेगळा नव्हता. तीस वर्षांनी मलाही दुसरं काही सुचू नये, याचीच लाज वाटते.

येत्या शुक्रवारपासून ब्राझीलच्या सरांनी माझ्या दोस्ताला तासभर उभ्या पकडी शिकवायला बोलावलंय. हौसेखातर, बिनपगारी. मुलांना त्याला काय हाक मारायची ते माहीत नव्हतं. माझ्या मुलानं त्यांना सांगितलं, "वस्ताद म्हणा."