आपल्या नटाला दुसऱ्याचं नाव कशाला?

मंडळी, एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातला, झाडीपट्टीच्या नाटकातला माणूस थेट राष्ट्रपती भवनात गेला. आपल्याला केवढा आनंद झाला! पण बातम्यांत काय आलं? "विदर्भाचे दादा कोंडके."

कौतुकानंच म्हणतात, मान्य. दादा मोठेच होते. पण आपल्या नटाची ओळख सांगायला मुंबईच्या सिनेमातलं नाव का लागावं?

खुणेंच्या नावावर 800 वेगवेगळ्या भूमिका आणि 5000 हून जास्त प्रयोग आहेत. जरा हिशेब करा. आपला हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत, म्हणजे साधारण 120 रात्री. रोज एक नाटक धरलं तरी 5000 प्रयोगांना चाळीसवर हंगाम लागतात! रात्री पडदा वर, पहाटे खाली, मेकअप पुसायचा की गाडीत बसून पुढचं गाव. लोकांना हसवणं गंमत वाटते, पण हे हाडं मोडणारं काम आहे जी.

मग नाव दादांचं का लागतं? कारण साधं आहे. दादाही आधी रंगमंचावर गाजले, पण नंतर सिनेमात गेले. 1971 चा 'सोंगाड्या' आजचं पोरगं मोबाईलवर पाहतं. दादा 1998 ला गेले, तरी त्यांचं काम समोर आहे. आपल्या नटाचं काम मात्र पहाटे मंडपासोबतच गुंडाळलं जातं. यूट्यूबवर तुकडे सापडतात, त्यातही संवाद कमी आणि पब्लिकचा गलकाच जास्त.

कोणी म्हणेल, नाटक मोबाईलवर आलं तर तिकीट कोण काढणार? भीती खरी आहे. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या तिकिटावरच चालतात, कलाकाराची रात्रही त्यावरच निघते. म्हणून लगेच दाखवू नका. पण चांगल्या कॅमेऱ्यानं, चांगल्या माईकनं नोंद तरी करून ठेवा. चार-पाच वर्षांनी, कंपनी आणि कलाकाराच्या संमतीनं, त्यांना मोबदला देऊन ती लोकांना दाखवा.

हे सरकारनं करायलाच पाहिजे. पुरस्कार दिला म्हणजे जबाबदारी संपत नाही. पण आपणही काही करू शकतो. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडं नाटक ठेवणाऱ्या मंडळांनी खर्चात एका रेकॉर्डिंगचे पैसे धरावेत. फुलचूर-गोंदियात लग्नाचं शूटिंग करणारी हुशार पोरं कमी आहेत का? एक रात्र नाटकासाठी द्या की.

"मामा, नाटक पाहाले या बरं!" असा निरोप आला की आपण जातो, हसतो, रडतो, पहाटे घरी येतो. आणि विसरतो. पुढच्या पिढीनं खुणेंना खुणे म्हणूनच ओळखावं असं वाटत असेल, तर नुसत्या टाळ्या पुरणार नाहीत.

तुमच्या गावच्या मंडळाला यंदा विचारणार का? खाली सांगा.