रुसलेला रिमोट

घरातल्या कोणत्या वस्तूवरून सर्वांत जास्त वादावादी होते, असं मला कुणी विचारलं तर मी चटकन सांगेन, टीव्हीच्या रिमोटवरून. तो सापडत नाही, सापडला तर चालत नाही आणि चालला तर नेमका दुसऱ्याच्या हातात असतो! पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी रिमोट चार दिवस बंद होता आणि त्यावरून एका शब्दाचाही वाद झाला नाही. तेच मला अजून खुपतं आहे, म्हणून आज हा विषय.

आम्ही मालवणात राहतो. माझी सकाळची अर्धा दिवस शाळा. टीव्ही सासूबाईंच्या खोलीत. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्यांमुळे बाहेर पडणं जवळजवळ बंद. दुपारची मालिका आणि संध्याकाळच्या बातम्या हीच त्यांची सोबत. त्यातून माझी नणंद देवबागला दिलेली. तिथे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे चिंचोळी वस्ती. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हापासून वारा सुटला की सासूबाई आधी बातम्या लावतात आणि मग लेकीला फोन करतात.

टीव्हीचा आणि सेट टॉप बॉक्सचा अशा दोन्ही रिमोटांची बटणं बसली, म्हणून मी बाजारातून एकच युनिव्हर्सल रिमोट आणला. तो टीव्हीला जुळवला आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, हे लाल बटण, हा आवाज आणि हे चॅनेल. बाकी कशाला हात लावू नका हं!" हे शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

जुलैतल्या एका शुक्रवारी मी शाळेतून आले, तर सासूबाई काळ्या टीव्हीसमोर वाती वळत बसलेल्या. मी विचारलं, "आई, आज मालिका नाही का?" त्यावर खाली मान घालून म्हणतात, "माज्या हातान खयचा तरी बटाण दाबला गेला गो. टीव्ही बिघाडलो आसतलो. तू शाळेतसून दमान येतंस, तुका आणि त्रास कित्याक?"

सोमवारपासून टीव्ही बंद होता! आमचे हे आपल्या कामात, मुलगा मोबाइलात, मी वह्यांच्या गठ्ठ्यात. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि खरं कारण काय निघालं? आमच्या चिरंजीवांनी खेळातल्या गाडीसाठी रिमोटचे सेल काढले होते आणि रात्री गुपचूप परत घातले होते. तेवढ्या वेळात रिमोट आपला कोड विसरला. सासूबाईंची काडीचीही चूक नव्हती.

आता हा कोड म्हणजे काय ते सांगते. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी बिनतारी रिमोट काढला. तो म्हणजे चक्क एक विजेरीच होती. टीव्हीच्या कोपऱ्यावर झोत टाकला की चॅनेल बदलायचं. मात्र खोलीत ऊन आलं की टीव्ही आपल्याच मनाने चॅनेल बदलू लागे! आजचा साधा रिमोटही प्रकाशच पाठवतो, फक्त तो आपल्या डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त. तो अतिशय वेगाने लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्यातून टीव्हीला निरोप जातो. प्रत्येक कंपनीची ही लुकलुकण्याची भाषा वेगळी. युनिव्हर्सल रिमोटला अनेक कंपन्यांच्या भाषा येतात, पण आपल्या घरी कोणती बोलायची ते त्याला कोड देऊन सांगावं लागतं. एवढं समजलं की निम्मी भीती जाते.

रिमोट रुसला की आधी दोष कुणाचा ते पाहा. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे धरा आणि बटण दाबा. मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाशी जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट प्रकाश पाठवतो आहे. काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात तो दिसत नाही, तेव्हा पुढच्या कॅमेऱ्यानेही पाहा.

ठिपका दिसत नसेल तर सेल बघा. दोन्ही सेल नवे आणि एकाच जातीचे हवेत. एक जुना, एक नवा ही काटकसर महागात पडते. सेलची सपाट बाजू स्प्रिंगकडे. आपल्या किनाऱ्यावर खारा वारा आणि दमट हवा, त्यामुळे स्प्रिंगवर हिरवट थर चढतो. सेल काढून ती जागा मुलांच्या खोडरबरने घासा आणि कोरड्या फडक्याने पुसा. अल्कलाइन सेल पाझरून पांढरी पूड जमली असेल तर काडीला कापूस गुंडाळून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये किंचित भिजवा आणि अलगद पुसा. मग ओलसर फडकं, मग कोरडं. त्या पुडीला उघडा हात लावू नका. आणि हो, आंबट म्हणून कोकमाचं आगळ वापराल! त्यात मीठ असतं, गंज आणखी वाढेल.

काहीच बटणं चालत नसतील तर दोष बहुधा आपल्या हातांचा. खोबरेल तेलाचा, माशांच्या वाटणाचा हात बटणांखाली चिकटा करतो. बटणांच्या रबराखाली काळे ठिपके असतात, ते खालच्या पट्टीला टेकले की बटण लागतं. रिमोट उघडता येत असेल तर सेल काढून ती पट्टी आणि ते ठिपके औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटने, कापसाच्या बोळ्याने हलकेच पुसा आणि पुरतं सुकू द्या. रॉकेल-पेट्रोल अजिबात नको. ठिपकेच झिजले असतील तर मात्र नवा रिमोट घेणंच बरं.

रिमोटचा ठिपका दिसतो, पण टीव्ही दाद देत नाही? मग टीव्हीच्या पुढ्यात जा. त्याच्या खालच्या कडेला एक लहानसा काळा डोळा असतो. हौसेने टाकलेला क्रोशाचा रुमाल, फुलदाणी, गणपतीची फ्रेम त्याच्या आड आलेली नाही ना? दारातून येणारं ऊन थेट त्या डोळ्यावर पडत असेल तरीही तो गोंधळतो. पडदा ओढा आणि पुन्हा करून पाहा.

हे सगळं ठीक असेल तर समजा की कोड गेला. सोबतच्या कागदावर रीत दिलेली असते आणि प्रत्येक रिमोटची थोडी निराळी असते, साधारण अशी. टीव्ही चालू करा. 'सेट' बटण लाल दिवा स्थिर होईपर्यंत दाबून धरा. कागदावरून आपल्या कंपनीचा आकडा टाका. एकाच कंपनीचे तीन-चार आकडे असतात. आवाज चालतो पण चॅनेल बदलत नाही असं झालं तर पुढचा आकडा घ्या. कागदच हरवला असेल तर बऱ्याच रिमोटांना स्वतः शोध घेता येतो. दिवा स्थिर झाल्यावर चालू-बंदचं बटण एकेकदा, सावकाश दाबत राहायचं. टीव्ही बंद झाला की थांबायचं आणि 'सेट' दाबायचं. घाई केली तर बरोबर कोड मागे पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ! सेट टॉप बॉक्सच्या पुष्कळ रिमोटांवर टीव्हीसाठी दोन-चार शिकाऊ बटणंही असतात. दोन्ही रिमोट समोरासमोर धरून जुन्याचं एकेक बटण नव्याला शिकवायचं. जुना पुरता बिघडण्याआधीच हे करून ठेवा.

एक सावधगिरी. आवाजाने चालणारे काही नवे रिमोट अवरक्त प्रकाशाऐवजी ब्लूटूथवर चालतात. बाजारातला साधा युनिव्हर्सल रिमोट तिथे पुरता चालेलच असं नाही, बोलण्याचं बटण चालणार नाही. घेण्याआधी दुकानदाराला टीव्हीचा मॉडेल नंबर दाखवा.

आणि लहान मुलं असतील तर गोळीसारख्या चपट्या सेलचा रिमोट त्यांच्या हाती देऊ नका. तो सेल गिळला गेला तर वाट न पाहता इस्पितळ गाठा. जुने सेल चुलीत टाकू नका, फुटतात.

त्या शुक्रवारी कोड जुळवायला मला दहा मिनिटं लागली. तो आकडा चिठ्ठीवर लिहून सेलच्या झाकणाच्या आतून चिकटवला. चालू-बंदच्या बटणावर लाल टिकली लावली, आवाजाच्या बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले. पण खरी दुरुस्ती माझ्या त्या वाक्याची होती. 'हात लावू नका' असं आपण सहज बोलून जातो आणि समोरचं माणूस त्यानंतर विचारायचंच बंद होतं. मी सासूबाईंच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आई, कुठलंही बटण दाबा. बिघडलं तर आपण परत जुळवू." मग मुद्दाम 'सोर्स'चं बटण दाबून पडदा निळा केला आणि तेच बटण दाबून पुन्हा जागेवर कसं यायचं ते त्यांच्याच हातून तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा मालिका आपोआप पुढे आली तेव्हा त्या हसल्या.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास एका संध्याकाळी वारा सुटला. मी स्वयंपाकघरात होते. आतून बातम्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ सासूबाईंचा, फोनवर लेकीला विचारत होत्या, पाणी कुठपर्यंत आलं म्हणून. आता शेजारच्या काकीही आपला रिमोट घेऊन माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे येतात!

तुमच्या घरात रिमोट कुणाच्या हातात असतो आणि कुणाच्या हातात नसतो, ते या आठवड्यात जरा पाहा. त्याला बरं करायची तुमची काही युक्ती असेल तर मला जरूर लिहून कळवा.