यतीमांना पावती नाही, पाठीराखा हवा

रमजानमध्ये यतीमखान्याची पावती फाडली की आपलं कर्तव्य संपतं का? त्या मुलानं कुठं राहायचं, याचा निर्णय होतो तेव्हा त्याच्या बाजूनं बोलायला कोण असतं?

अमेरिकेतल्या सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सोकप यांनाही हीच उणीव जाणवली. प्रतिपालक कुटुंबांत ठेवलेल्या मुलांबाबत ते अपुऱ्या माहितीवर निकाल देत होते. १९७७ मध्ये तिथं सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन कोर्टानं नेमायला सुरुवात केली. हा स्वयंसेवक मुलाला भेटतो, घरी-शाळेत चौकशी करतो आणि मुलाचं हित कशात आहे, ते कोर्टाला लेखी कळवतो.

आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात प्रतिपालकत्वाची सोय आहे. मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचं तत्त्वही आहे. पण बाल कल्याण समितीच्या पाच जणांसमोर बुजलेलं लेकरू एकटं काय बोलणार?

म्हणून दोस्तांनो, प्रत्येक मुलामागे एक प्रशिक्षित स्वयंसेवक हवा, ही मागणी सरकारकडे लावून धरा. समाजकार्य आणि कायदा शिकणाऱ्यांनी तर या कामात उतरावंच. जकात पैशांची असते. यतीमाला तुमचा वेळही हवा आहे.