‘जरा धरून ठेव’ म्हणणाऱ्यांसाठी



“निघताना पाणी पिऊ नकोस, आणि लागलीच तर जरा धरून ठेव.” लोकलच्या महिला डब्यात नव्याने येऊ लागलेल्या प्रत्येक मुलीला हा सल्ला मिळतो. बारा वर्षे कोपरहून मुंबईला जाताना मीही तो अनेकींना दिला. तो चुकीचा होता, हे कबूल करायला हे पत्र.

लघवी धरून ठेवणे म्हणजे मनाचा निग्रह, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो मज्जासंस्थेचा कारभार आहे. मूत्रपिंडांतून मिनिटाला एक-दोन मिलिलिटर लघवी मूत्राशयात उतरत असते. दीड-दोनशे मिलिलिटर साठली की मूत्राशयाच्या भिंतीतले मज्जातंतू मज्जारज्जूच्या खालच्या टोकाला वर्दी देतात. तान्ह्या बाळाला ती थोपवता येत नाही, म्हणून दुपटी ओली होतात. मोठ्या माणसात वर्दी मेंदूपर्यंत जाते. कोपरकरांना हे पटकन समजेल: आमच्या स्थानकात खालून मुख्य रेल्वेमार्ग, वरून दिवा-वसई मार्ग, तसाच हा दुमजली कारभार. कपाळामागचा मेंदू ‘इथे चालेल का?’ याचा अंदाज घेतो. त्याचा होकार मिळेपर्यंत काही मज्जातंतू मूत्राशयाची भिंत सैल ठेवतात, तर दुसरे खालचा स्नायू आवळून धरतात. होकार मिळाला की मेंदूच्या बुडाशी असलेला ‘पॉन्स’ हुकूम सोडतो. तो स्नायू ढिला पडतो आणि मूत्राशय आकुंचन पावते.

हा होकार जागा पाहून मिळतो. म्हणूनच परतताना दिवा स्थानक सुटले की कळ वाढते, आणि घराच्या कुलपात किल्ली फिरवताना तर जीव जातो. तेवढ्यात मूत्राशय काही जास्त भरलेले नसते. मेंदूने सिग्नल आधीच पाडलेला असतो.

आता ज्यांच्या या तारांतच बिघाड आहे, त्यांनी काय धरून ठेवायचे? पक्षाघात, कंपवात, मणक्याची इजा, सगळ्यांत हा ताबा डळमळू शकतो. मधुमेहात मज्जातंतू हळूहळू झिजू शकतात. कुणाला मूत्राशय भरल्याचे कळतच नाही. कुणाला कळते तेव्हा हातात दोन मिनिटेही नसतात. मी दुसऱ्या गटातली. (पुरुषांनी हसू नये. साठीनंतर प्रोस्टेट पुष्कळांना याच रांगेत आणते.)

गेल्या उन्हाळ्यात परतताना मी वाटेतल्या एका स्थानकावर मध्येच उतरले. स्वच्छतागृहाला कुलूप. चावी कुणाकडे, तर ‘साहेब जेवायला गेलेत.’ पुढे काय झाले ते लिहीत नाही. ओढणी कमरेला गुंडाळून उरलेला प्रवास दारात उभ्याने केला.

पाणी कमी पिण्याने काही साधत नाही. लघवी दाट होते, जळजळते, जंतुसंसर्गाला आणि मूतखड्याला वाव मिळतो. तरी कामावर जाणाऱ्या किती जणी दिवसभर कोरड्या राहतात, हे कोणत्याही महिला डब्यात विचारून पाहावे.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईत ‘राइट टू पी’ची (लघवीच्या हक्काची) मोहीम २०११ मध्ये सुरू झाली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी समित्या नेमून योजना आखण्याचे आदेश राज्यातल्या महापालिकांना दिले. एका मराठी मासिकाला त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, याची लाज कुणाला वाटल्याचे दिसले नाही.

मागणी साधी आहे. पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंत स्वच्छतागृह उघडे ठेवा, आत पाणी आणि दिवा ठेवा, आणि बंद ठेवावेच लागले तर पर्यायी जागा कुठे आहे ते दारावर मराठीत लिहा. तोवर, बारा वर्षे दिलेला सल्ला चुकीचा होता हे कळूनही, मी दुपारी तीननंतर पाणी पीत नाही.

— एक महिला प्रवासी, कोपर