घरची अमानत

मोमिनपुऱ्यातल्या आमच्या दाराला दोन कुलुपं आहेत. राउटरला मात्र तीन वर्षं बसवणाऱ्याने ठेवलेला 'अ‍ॅडमिन' हाच पासवर्ड होता. मी स्वतः इंजिनिअर, म्हणून सांगताना जास्त लाज वाटते.

2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत चोरी झाली. चोर ऑफिसात शिरले नाहीत. एका वरिष्ठ इंजिनिअरच्या घरच्या संगणकावर सिनेमे-गाणी चालवायचं जुनं सॉफ्टवेअर होतं, त्यातल्या फटीतून आले. टाइप होणारा मुख्य पासवर्ड टिपला आणि ग्राहकांच्या बॅकअपपर्यंत पोहोचले. ती फट बुजवणारं अपडेट 2020 मध्येच आलं होतं!

पैगंबरांना नबुवतीआधीपासून मक्केत 'अल-अमीन' म्हणत. लोक त्यांच्याकडे ठेवी ठेवत. ग्राहकांची माहिती ही तशीच ठेव आहे, असं मी मानतो.

'कामासाठी वेगळी खोली ठेवा' हा सल्ला दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्यांना काय कामाचा? पण बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं. घरचे फोन, टीव्ही त्यावर टाका, ऑफिसचा लॅपटॉप वेगळा ठेवा. जोहरला उठताना विंडोज आणि एल ही बटणं दाबून स्क्रीन बंद करा.

सगळ्यात अवघड म्हणजे नातेवाईक. चाची पेनड्राइव्ह घेऊन आधारची प्रिंट काढायला आली, मी नाही म्हटलं. दोन दिवस बोलली नाही. मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मीच प्रिंट आणून दिली.